घरी ग्लुटेन-फ्री वॉफल : पीठ कोणतं, आणि ते दळायचं कुठे? (नागपूर)

बर्डीवाली | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. लेक नऊ वर्षांची आहे. सिलिअ‍ॅकचं निदान होऊन वर्ष होत आलं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन तिला अजिबात चालत नाही. पोळी, ब्रेड, बिस्किटं, शेवया सगळं घरातून गेलं आणि ज्वारी-तांदूळ-नाचणीवर आता बऱ्यापैकी बस्तान बसलंय. भाकरी ती आवडीने खाते, त्याची चिंता नाही. अडलंय वॉफलवर. वर्गातल्या मैत्रिणींचे वाढदिवस हल्ली धरमपेठेत वॉफल खाऊनच साजरे होतात, आणि ही तिथे घरून नेलेला डबा उघडून बसते.

तिच्या मामाने वॉफलचं मशीन आणून दिलंय, कोरं करकरीत. तयार ग्लुटेन-फ्री मिश्रण ऑनलाइन मिळतं, पण किंमत बघून हात आखडतो, आणि त्यात निम्मा स्टार्चच असतो. मला घरातल्या पिठांचं करायचंय. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि मशीनला न चिकटणारं. अंडं आम्हाला चालतं, पण सासूबाईंना नाही, म्हणून बिनअंड्याचंही कुणी सांगितलं तर बरं होईल. झँथन गम (घोल बांधायला घालतात ती चिकट पूड) वगैरे शक्यतो नको.

मीठभाकर | रात्री १०:०५

ताई, कशाला त्या वॉफलच्या मागे लागून राहिल्या? तांदळाच्या पिठाचे आयते (धिरडी) करा, वरून गूळ-तूप द्या. आमच्याकडे ब्रह्मपुरीला पोरं डझनानं खातात.

बर्डीवाली | रात्री १०:१२

भाऊ, आयते होतातच आमच्याकडे. पण तिला खड्डे पाहिजेत. त्या खड्ड्यांत चॉकलेट साचलं पाहिजे. आयत्याला खड्डे कुठून आणू?

मीठभाकर | रात्री १०:१४

हे बाकी खरं आहे बाप्पा.

स्वयंपाकघर_मनीषनगर | रात्री १०:३१

खपली गव्हाचं करून बघा. खपलीत ग्लुटेन नसतं, डायबेटिसलाही चांगला. नाहीतर बारीक रवा दह्यात भिजवून मस्त होतं.

डॉक्टर_धंतोली | रात्री १०:४०

थांबा, थांबा. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतं. रवा म्हणजे गहू, दलिया म्हणजे गहू, मैदा आणि शेवयाही गहूच. सातू म्हणून जे जव मिळतात त्यांच्यात आणि राय या धान्यातही सिलिअ‍ॅकवाल्यांना नडणारी प्रथिनं असतात. ज्यांना नुसतं ‘गव्हाने जड वाटतं’ त्यांनी खपली खाऊन बघावी, मला हरकत नाही. या मुलीसाठी नाही म्हणजे नाही. स्वयंपाकघरताई, रागावू नका, पण हा धागा उद्या कुणी शोधून वाचेल म्हणून स्पष्ट लिहिलं.

स्वयंपाकघर_मनीषनगर | रात्री १०:४४

नाही हो, राग कसला. आमच्या दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं.

जवसचटणी | रात्री ११:२०

आमच्याकडे नवऱ्याला सिलिअ‍ॅक आहे, त्यामुळे रविवारचा वॉफल हा आमचा ठरलेला कार्यक्रम. प्रमाण लिहून घ्या. पण त्याआधी एक दिलासा.

ग्लुटेन नसण्याचं दुःख पावात आणि पोळीत असतं. तिथे पीठ ताणायचं, फुगवायचं, लाटायचं असतं. वॉफलचं घोल ओतायचं असतं आणि त्याला आकार देतं मशीन. उलट गव्हाचं घोल जास्त घोटलं तर ग्लुटेन तयार होऊन वॉफल चामट होतो, म्हणून गव्हाच्या पाककृतीत ‘गुठळ्या राहू द्या’ असं बजावतात. आपल्याला ती भीतीच नाही. हवं तितकं घोटा. (बेकिंग पावडर मात्र घोटून झाल्यावर, शेवटी घाला.)

ज्वारीचं पीठ १२० ग्रॅम, तांदळाचं बारीक पीठ ७० ग्रॅम, कॉर्नफ्लोर ३० ग्रॅम, साखर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दीड लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा. ओल्यात दोन अंडी, दूध साधारण २५० मिली आणि वितळलेलं लोणी ६० ग्रॅम. लोण्यात हात आखडू नका. वॉफलला कुरकुरीतपणा स्निग्धामुळे येतो आणि न चिकटण्याचं कामही तेच करतं. धिरड्याइतकं तेल घालून वॉफल करायला गेलं की तो मशीनचाच होऊन बसतो. साखर रंग आणते, तीही पार वगळू नका.

अंड्यातलं पिवळं, दूध, लोणी आणि साखर एकत्र करून त्यात पिठं आणि मीठ घोटायचं आणि वीस मिनिटं झाकून ठेवायचं. ही वीस मिनिटं टाळू नका. तांदळाचं पीठ पाणी सावकाश पितं. लगेच ओतलंत तर वॉफल दाताखाली कचकचतो. तेवढ्यात पांढरं फेटून घ्या, वाटी तिरकी केली तरी ढळणार नाही इतकं. घोलात आधी बेकिंग पावडर, मग पांढरं हलक्या हाताने मिसळा. घोल इडलीच्या पिठापेक्षा जरा सैल हवं. ज्वारी किती जुनी आणि दळण किती बारीक यावर दूध थोडं कमी-जास्त लागतं.

मशीन तापलं की दोन्ही पाट्यांना तेलाचा ब्रश फिरवा, घोल मधोमध ओता, झाकण लावा. आणि मग वाफेकडे बघा, दिव्याकडे नाही. सुरुवातीला कडेने भसाभसा वाफ येते. ती विरळ होत होत जवळजवळ थांबली की वॉफल झाला. आधी उघडलंत तर मधून फाटतो, अर्धा वर आणि अर्धा खाली. झाकण उचलताना जरा अडतंय वाटलं तर जोर करू नका, अजून अर्धा-एक मिनिट द्या. सुटतो आपोआप.

काढल्यावर ताटात ठेवू नका. जाळीवर ठेवा. ताटात त्याचीच वाफ त्याला खालून भिजवते.

पेठेतला_पाहुणा | रविवार, सकाळी ८:१५

हे ग्लुटेनचं खूळ कधी संपणार? आमच्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यभर गहू खाल्ला, त्यांना काही झालं नाही.

मीठभाकर | सकाळी ८:२२

आमच्या आजोबांनी आयुष्यभर ज्वारीची भाकर खाल्ली भाऊ. पोळी सणाले. तुमचं पुण्याचं माहीत नाही.

डॉक्टर_धंतोली | सकाळी ९:०५

पाहुणे, तुमची चिडचिड अर्धी रास्त आहे. वजन कमी करायचं म्हणून ग्लुटेन सोडणाऱ्यांची एक लाट आहे आणि बहुतेकांना त्याची गरज नसते. पण सिलिअ‍ॅक हे खूळ नाही. ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतल्या अस्तराचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, हिमोग्लोबिन वर येत नाही, पोट सतत बिघडलेलं. आणि हे एकदोनदा पथ्य पाळून संपत नाही, जन्मभराचं असतं. भारतात उत्तरेकडे, जिथे गहू मुख्य अन्न आहे, तिथे हा आजार जास्त आढळतो. आपल्याकडेही आता पोळी रोजची झाली आहे.

गव्हाचा संबंध कसा कळला ती हकिगत मोठी चटका लावणारी आहे. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ अशा मुलांवर उपचार करत होते आणि त्यांना गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धात, नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी, आणि ही मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. पुढे त्यांनी त्यावर पद्धतशीर अभ्यास केला.

एक महत्त्वाचं, इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. शंका असेल तर आधी तपासणी करा, मग गहू सोडा. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरज पडली तर एंडोस्कोपी, दोन्ही गहू खात असतानाच करायच्या. आधीच गहू बंद केला तर तपासणी नॉर्मल येऊ शकते आणि मग वर्षानुवर्षं कुणालाच काही कळत नाही.

पेठेतला_पाहुणा | सकाळी ९:३०

हे माहीत नव्हतं. मुलीला आशीर्वाद. वॉफलचं चालू द्या.

घरघंटी | सकाळी १०:१०

पाककृती झकास आहे, पण बर्डीवालीताई, ज्वारी दळता कुठे?

बर्डीवाली | सकाळी १०:२५

कोपऱ्यावरच्या गिरणीत. गिरणीवाले काका ओळखीचे आहेत. आमचं दळण तांदळानंतर लावतात, गव्हानंतर नाही. घासणीसाठी आधी मूठभर आमचीच ज्वारी घालून ते पीठ बाजूला काढतात.

घरघंटी | सकाळी १०:५८

काका भले आहेत यात शंका नाही. पण तांदळाआधी त्याच जात्यात काय दळलं होतं? गहूच. दिवसाचं सगळं दळण तिथे गव्हाचं. दगडांच्या खाचांत, भोवतालच्या डब्यात, पीठ पडतं त्या कापडी नळीत, सगळीकडे कणीक बसलेली असते. मूठभर ज्वारीने ती निघत नाही.

हिशेब सांगतो. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायला एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची) मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेनची आहे. कणकेत साधारण आठ-दहा टक्के ग्लुटेन असतं असं धरा. म्हणजे एक ग्रॅम कणकेत ८० ते १०० मिलिग्रॅम. तुमच्या किलोभर ज्वारीत फक्त एक ग्रॅम कणीक मिसळली तरी मर्यादेच्या चार-पाच पट झालं. आणि एक ग्रॅम म्हणजे किती? चहाचा चमचा एक तृतीयांश भरेल इतकी. गिरणीत तर हवेतच कणीक तरंगत असते. काकांच्या भुवया बघा एकदा.

आमच्या मुलाचे रक्ततपासणीचे आकडे निदानानंतरही खाली येत नव्हते. घरात गव्हाचा कण नाही आणि तरी हे का, ते कळेना. डॉक्टरांनी विचारलं, पीठ कुठून येतं? तेव्हा घरगुती चक्की घेतली, जिच्यात आजतागायत गहू गेलेला नाही. पाहुण्यांनाही सांगून ठेवलंय. नंतरच्या तपासणीत आकडे उतरले.

बर्डीवाली | सकाळी ११:०५

अहो, आमचेही आकडे उतरायला तयार नाहीत. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे. हे असं असू शकतं?

डॉक्टर_धंतोली | सकाळी ११:३०

असू शकतं. आकडे उतरायला वेळही लागतो, त्यामुळे आत्ताच घाबरू नका. पण गिरणी आजपासून बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगा. माझ्याकडे येणाऱ्यांत ‘आम्ही काहीच खात नाही’ म्हणणाऱ्या घरांत बऱ्याचदा गिरणी नाहीतर हिंग निघतो.

जवसचटणी | सकाळी ११:४२

हिंग!! मी लिहिणारच होते. बांधणीच्या हिंगात मैदा किंवा कणीक असते, डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो बघून घ्या. फोडणीतून रोज जातो हो.

घरघंटी | दुपारी १२:१५

आणि ताई, ज्वारी अख्खी आणा, निवडून घ्या. एकाच मळणीयंत्रातून गहू आणि ज्वारी जातात, एकाच मापाने दुकानात मोजली जातात. इतवारीतून आणलेल्या चांगल्या ज्वारीतही गव्हाचे दाणे सापडतात. स्टीलच्या ताटात मूठ-मूठ पसरवायची. गोल पांढऱ्या दाण्यांत गव्हाचा लांबट, पोटावर चीर असलेला दाणा लगेच नजरेत भरतो. मग धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून दळायची. राजगिरा, वरई बारीक असतात, तिथे चाळणीनेच गहू वर राहतो. चाळणी मात्र नवी. कणकेची जुनी चाळणी कितीही धुतली तरी जाळीच्या कडेत कणीक राहतेच.

चक्की लगेच घेणं शक्य नसेल तर तांदळाचं पीठ मिक्सरवर उत्तम होतं. तांदूळ धुऊन तासभर भिजवा, कापडावर पसरून हाताला ओल लागणार नाही इतपत वाळवा, थोडे थोडे फिरवून चाळा. ज्वारीचं मिक्सरवर तितकं बारीक होत नाही, पण वॉफलला चालून जातं, भाकरीला नाही.

ऑरेंजसिटी | दुपारी १२:४०

सॉरी, मधेच घुसतोय. हे सगळं वाचून प्रश्न पडला. मशीन एवढं तापतं, दोनशे डिग्रीच्या आसपास. त्यात ग्लुटेन जळून नाही जात? हॉटेलवाल्याने वेगळं घोल वापरलं आणि मशीन तेच असलं तर काय बिघडलं?

डॉक्टर_धंतोली | दुपारी १:०५

ग्लुटेन हा जंतू नाही, तापवून मरायला. प्रथिन आहे. भाजलं, तळलं, उकळलं तरी नडायचं ते नडतंच. मशीनच्या खाचांत आधीच्या वॉफलचे कण चिकटलेले असतात ते नव्यात येतात. तेच तळणाच्या तेलाचं. ज्या कढईत समोसे तळले त्यात बटाटेवडे तळले तर ते या मुलीसाठी नाहीत. म्हणून मामाने दिलेलं कोरं मशीन ही सोन्यासारखी गोष्ट आहे. त्यात घरातल्या इतरांसाठीही मैद्याचं घोल कधी घालू नका.

व्होल्टमीटर | दुपारी १:३०

मशीनवर माझे दोन पैसे. पाट्या निघत नसतील तर पाण्याखाली धरू नका. गार झाल्यावर ओलसर कापड आणि जुन्या मऊ टूथब्रशने खाचा साफ करा. सुरी-काटा लावायचा नाही, लेप जातो. फवाऱ्याचं तेल टाळा, त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर चढत जातो आणि मग लोक ‘मशीन बिघडलं’ म्हणतात. ब्रशने साधं शेंगदाण्याचं तेल पुरे.

हिरवा दिवा लागला म्हणजे पाट्या ठरलेल्या तापमानाला आल्या एवढाच अर्थ. पहिला वॉफल लावण्याआधी दिवा एकदा लागून विझून परत लागू द्या, म्हणजे उष्णता पाट्यांत नीट मुरते. दोन वॉफलच्या मधेही झाकण लावून मिनिटभर थांबा. उघडं ठेवून गप्पा मारत बसलं की पाट्या गार पडतात आणि पुढचा चिकटतो.

जाता जाता : बिजागरी आणि मुठीवाल्या वॉफलच्या साच्याचं पेटंट अमेरिकेत ट्रॉय गावच्या कॉर्नेलिअस स्वार्टवाउटने २४ ऑगस्ट १८६९ रोजी घेतलं. तो चुलीवर ठेवून उलटवायचा. गॅसवरचे तसे साचे अजून मिळतात, वीज गेली तरी काम थांबत नाही. उन्हाळ्यात आमच्या भागात हा मुद्दा गंभीर असतो.

धंतोलीच्या_काकू | दुपारी ४:१०

मुलींनो, बिनअंड्याचं मी सांगते. आमच्याकडे अंडं येत नाही आणि नातू हट्टी.

ज्वारीच्या भाकरीला आपण उकड का काढतो? पीठ शिजलं की त्याला चिकटपणा येतो. तेच इथे करायचं. वरच्या प्रमाणातलं दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ अर्धी वाटी दुधात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायचं. चमच्याला धरून राहील अशी खीर झाली की उतरवायची. कोमट झाली की बाकीच्या घोलात घोटून टाकायची. अंड्याचं बांधायचं काम ती करते, आणि तुमचा तो गम लागत नाही.

फुगण्यासाठी दुधाऐवजी आंबटसर ताक घ्या, सोडा पाव लहान चमचा आणि बेकिंग पावडर एक लहान चमचा. लोणी एक चमचा जास्त. जवस भाजून त्याची पूड एक मोठा चमचा, तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की बुळबुळीत होते, तीही घातली तर वॉफल तुटत नाही. जवस आपल्या विदर्भातलाच, बाहेरून आणायला नको. रंग थोडा सावळा येतो. नातू म्हणतो चॉकलेटचा आहे, मी काही बोलत नाही.

हा वॉफल अंड्याच्यापेक्षा जड होतो, ते मान्य करायचं. पातळ लावा, जास्त वेळ ठेवा, कुरकुरीत होतो.

आणि बर्डीवाले, जुनं ज्वारीचं पीठ फेकू नकोस. विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी थापताना फाटते, पण वॉफलला विरी लागत नाही. फक्त नाकाला लावून बघ, कडवट वास आला तर मात्र नको.

बर्डीवाली | दुपारी ४:३०

काकू, तुमच्या पाया पडते. उकडीचं डोक्यातच आलं नव्हतं!

जवसचटणी | दुपारी ४:३५

मी पण पुढच्या रविवारी उकडच घालणार. अंड्याच्या घोलातही चालेल ना काकू?

धंतोलीच्या_काकू | दुपारी ४:५०

चालेल. मग दूध थोडं वाढव.

सदरचा_इडलीवाला | सायंकाळी ६:२०

गोडातून बाहेर या मंडळी. इडलीचं पीठ उरलंय? वॉफल मशीनमध्ये ओता. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, थोडे मेथीदाणे, नेहमीसारखं वाटून आंबवलेलं. बेकिंग पावडर नको, सोडा नको. उडदाचा चिकटपणा हवा धरून ठेवतो, त्याला ग्लुटेनची गरजच नाही. वाटीभर पिठाला मोठा चमचाभर तेल घोलातच घाला, हिरवी मिरची, आलं, तीळ आणि भरपूर सांबार (कोथिंबीर) चिरून. साध्या इडलीपेक्षा दुप्पट वेळात संपतात, कारण कुरकुरीत कडा लोक चावून चावून खातात.

पीठ आंबण्याचं वेळापत्रक मात्र इथलं पाळा. मे महिन्यात आपल्याकडे चार-पाच तासांत पीठ भांड्याबाहेर येतं. रात्री वाटून ठेवलंत तर सकाळी आंबट ढाण. डिसेंबर-जानेवारीत अख्खी रात्र काढूनही हलत नाही. तेव्हा भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा.

मूगडाळीचंही होतं. चार तास भिजवून कमी पाण्यात वाटा, आलं-मिरची, एक चमचा तांदळाचं पीठ. डब्यात द्यायला हे बेस्ट, गार झाल्यावरही वातड होत नाही.

व्होल्टमीटर | सायंकाळी ६:३५

‘दुप्पट वेळात संपतात’ म्हणजे चांगलं की वाईट?

सदरचा_इडलीवाला | सायंकाळी ६:३६

जास्त चघळायला लागतात हो. हॉटेलवाल्याच्या दृष्टीने वाईट.

फुटाळाकाठ | सायंकाळी ७:०५

साबुदाणा वड्याचं मिश्रण वॉफल मशीनमध्ये घातलंय का कुणी? भिजलेला साबुदाणा, उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, जिरं, मिरची. दोन्हीकडून तुपाचा ब्रश, झाकण दाबून बसवायचं आणि वड्यापेक्षा बराच जास्त वेळ द्यायचा. तळणाशिवाय कुरकुरीत. आमच्याकडे आषाढीला सगळ्यांनी हेच खाल्लं. फक्त आजेसासूबाईंनी ‘उपासाला विलायती यंत्र चालतं का’ म्हणून हात लावला नाही.

मीठभाकर | सायंकाळी ७:१०

यंत्राले उपास नसते म्हणा त्यांना.

बर्डीवाली | सायंकाळी ७:४०

आता वरून ओतायचं काय? बाजारच्या चॉकलेट सॉसचं लेबल वाचून वाचून डोळे गेले.

डॉक्टर_धंतोली | सायंकाळी ७:५५

लेबलवर ‘माल्ट’ हा शब्द शोधा. माल्ट बहुधा जवाचं असतं, आणि चॉकलेट पावडरी, दुधात घालायच्या पौष्टिक पावडरी, कॉर्नफ्लेक्स यांच्यात सर्रास असतं. लेबलवर अ‍ॅलर्जीच्या घटकांची ओळ वेगळी देणं बंधनकारक आहे, ती आधी वाचा. ओट्सचंही सांगतो : ओट गव्हापेक्षा वेगळं, पण साधे ओट्स शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हासोबत फिरतात. ग्लुटेन-फ्री छाप असलेलेच घ्या, आणि तेही डॉक्टरांना विचारून, कारण काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

जवसचटणी | रात्री ८:१५

सॉस घरीच कर. बिनसाखरेची कोको पावडर, साखर, लोणी, दूध, चिमूटभर मीठ, पाच मिनिटांत होतो.

आणि नागपुरात राहून संत्र्याचा पाक नाही केला तर काय केलं? चार-पाच संत्र्यांचा रस, निम्मी साखर, उकळून मधाइतका दाट. दोनच पथ्यं. रस हाताने काढायचा, मिक्सरमध्ये फोडी घालायच्या नाहीत, कारण बी चिरडली की पाक कडू होतो. आणि काढलेला रस तसाच ठेवायचा नाही, लगेच आटवायचा. आपल्या संत्र्याचा रस ठेवल्यावरही कडवट होत जातो. सालीचा नुसता केशरी भाग किसून शेवटी घालायचा, पांढरा नको. मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आंबिया बहाराची दिवाळीच्या आसपास. मला स्वतःला पाकासाठी मृगाची जास्त आवडतात.

ऑरेंजसिटी | रात्री ८:२०

माझ्या नावाला जागून +१.

बर्डीवाली | पुढचा रविवार, दुपारी १२:२०

अपडेट. गिरणी बंद केली, काकांना समजावून सांगितलं, त्यांनाच वाईट वाटलं. चक्कीचं अजून ठरायचंय, तोवर तांदूळ मिक्सरवर आणि ज्वारीचं पीठ ग्लुटेन-फ्री छाप असलेलं पाकीट. महाग पडतं, पण सध्या इलाज नाही. घरातला हिंग वाचला तर खरोखर गव्हाचं पीठ निघालं. डबी कामवाल्या मावशींना दिली, नवा आणलाय.

आज जवसचटणीताईंचं प्रमाण आणि काकूंची उकड असं मिळून केलं. उकड घातल्यामुळे घोल जरा दाट वाटलं म्हणून दूध दोन-तीन चमचे वाढवलं. वाफ थांबेपर्यंत लेकीला झाकणाला हात लावू दिला नाही, ती नाक मशीनला लावून उभी. सुटला, अख्खा, एकही खड्डा न मोडता. खड्डे मोजून त्यात चमच्याने सॉस भरत बसली. सासूबाईंसाठी आधीच ताकाचे, जवसाचे करून ठेवले होते, ते त्यांनी लिंबाच्या लोणच्याशी खाल्ले!

एक प्रश्न. दोन जास्तीचे झालेत. शाळेच्या डब्यासाठी उद्यापर्यंत कुरकुरीत राहतील का?

जवसचटणी | दुपारी १२:४५

बाहेर नाही राहणार, आणि फ्रिजमध्ये तांदूळ कडक होतो. पूर्ण गार करून, मधे कागद घालून, डब्यात फ्रीझरला टाक. सकाळी थेट मशीनमध्येच दोन मिनिटं ठेव, पुन्हा कुरकुरीत होतात. टोस्टरमध्ये नको, त्यात ब्रेड भाजलेला असेल ना?

बर्डीवाली | दुपारी १२:५०

हो, टोस्टर जुनाच आहे. मशीनमध्येच करते.

घरघंटी | दुपारी १:१५

डब्यात ठेवताना खाली कागदी रुमाल घाला आणि वॉफल पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका. सॉस वेगळ्या डबीत. चक्कीबद्दल व्यक्तिगत निरोप केलाय. दुकानात एक विचारून घ्या : कधी कधी नमुना दाखवायला गहू दळून दाखवतात, तोच नग तुम्हाला देऊ नका म्हणावं. सीलबंद खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा.